कोंबडीचं तोंड कुणीकडे

आयुष्यातली पहिली शाळा मी नेमकी मावळतीच्या उन्हाकडे तोंड करून काढली. बरं झालं, अजून ती कागदावरच होती. अमोनियाचा वास आला की ती फजिती आठवते, कारण वर्ध्यातल्या आम्हा आर्किटेक्ट नवराबायकोच्या नव्या कचेरीत त्याच्या वाफेवर छापलेल्या ताज्या नकाशांचा तोच वास कोंडलेला असे. आंजी गावची शाळा हे आमचं पहिलंच काम. मी अशी दीडशहाणी, की पंख पसरून पिल्लांना पोटाशी घेणारी कोंबडी म्हणजे शाळा, अशी गोष्ट रचून पंचांपुढे कीर्तनच केलं. एका म्हाताऱ्यानं पश्चिमेकडे उघडलेले पंख पाहिले आणि विचारलं, "चैतात पोरं भाजून काढाची हायेत का, बाई?" नवऱ्यानं नकाशा गुंडाळला. काम गेलं, कचेरी गेली, असं वाटून माझे डोळे भरले. तेवढ्यात तिथेच ओसरीवर तूर निवडत बसलेली गावातली एक आजी उठली आणि तिनं नकाशा परत उलगडायला लावला. पुढे आम्ही बांधलेल्या प्रत्येक घराला एक गोष्ट होती, आणि ती आधी तिथल्याच कुण्या म्हातारीला ऐकवलेली होती. हे शहाणपण त्या आजीचं. ती म्हणाली होती, "रडून काऊन राह्यली, पोरी? गोष्ट राहू दे, शाळा फिरव. कोंबडी पिल्लं घेऊन बसते ना, तवा उन्हाकडे पाठ करून बसते."