एर्सिलियाचा अंजिरांचा पिझ्झा

तिसाव्या वर्षी, धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर, एर्सिलियाचं तोंड डावीकडे वाकडं झालं ते झालंच. ती हसली तरी बघणाऱ्याला वाटायचं, बाई कशावरून तरी चिडलीय. कोल्लेसेक्को या तिच्या गावातल्या लोकांना त्याची सवय होती. पंचक्रोशीबाहेरच्यांना नव्हती.

तिचा नवरा काताल्दो मेंढ्या राखायचा. लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात टोमॅटोवर रोग पडला आणि रविवारच्या पिझ्झ्यावर घालायला घरात काहीच उरलं नाही. एर्सिलियाने मागच्या झाडाची अंजिरं तोडली आणि काताल्दोने केलेलं मेंढीच्या दुधाचं चीज घेतलं. सासू म्हणाली, "हे डुकरांचं खाणं आहे." म्हणाली आणि तीन तुकडे खाल्ले. तेव्हापासून सप्टेंबरातला एकही रविवार अंजिरांच्या पिझ्झ्याशिवाय गेला नाही.

काम सोपं दिसायचं, पण नव्हतं. पिठात उकडलेला बटाटा कुस्करून घालायचा आणि पीठ रात्रभर घोंगडीखाली ठेवायचं. अंजिरं चिरून, मीठ लावून तासभर निथळत ठेवायची, नाहीतर सगळं पाणी पिठात उतरतं. भट्टीत द्राक्षवेलीच्या काटक्या जाळायच्या आणि आतला घुमट काळ्याचा पांढरा झाला की मगच पिझ्झा आत सरकवायचा. चीज शेवटी, पिझ्झा अर्धा भाजल्यावर. आधी घातलं तर ते जळतं आणि अंजीर कच्चं राहतं.

शेजारची रोझाल्बा दर रविवारी ताटली घेऊन यायची. दोघी एकाच बाकावर बसून शाळा शिकलेल्या. रोझाल्बाच्या हातचं पीठ जन्मात कधी फुगलं नाही, पण केस कापसासारखे पांढरेशुभ्र, गाल लाल आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने काम टाकून बसावं. नवरा गेल्यावर तर तिचं अर्धं जेवण एर्सिलियाकडेच व्हायचं.

मग एका सप्टेंबरात सरपंचांनी नेपल्सहून टीव्हीवाले आणले. एर्सिलियाच्या अंगणात दिवे लागले. चित्रीकरण करणारी मुलगी तरुण होती, घाईत होती.

"आजी, जरा हसा ना."

"हसतेच आहे की," एर्सिलिया म्हणाली.

मुलीने सरपंचांना बाजूला घेतलं. ते परत आले ते टोपी हातात फिरवत. "एर्सिलियाबाई, वाईट वाटून घेऊ नका. पिझ्झा तुमचाच. फक्त चेहरा रोझाल्बाबाईंचा घेऊ. गावाचं नाव होईल."

"आणि माझं?"

"पिझ्झा कुणाचा ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे ना."

रोझाल्बा पुढे आली. "तू नको म्हणालीस तर मी उभी राहणार नाही हं, एर्सि." तिने इस्त्रीचा एप्रन आधीच बांधलेला होता.

"राहा उभी," एर्सिलिया म्हणाली.

कॅमेऱ्यासमोर रोझाल्बाने आधी चीज पसरलं आणि मग न निथळलेली अंजिरं वर ठेवली. भट्टीतून निघालेला चिखल कुणी दाखवला नाही. एर्सिलियाने सकाळी भाजलेला पिझ्झा टेबलावर आणून ठेवला. "माझ्या सासूने शिकवलं मला," रोझाल्बा गोड हसून म्हणाली. तिची सासू तिच्या लग्नाआधीच वारली होती.

कार्यक्रम लागला आणि लोक यायला लागले. रोझाल्बाने दारात टेबलं मांडली. पहिला महिनाभर एर्सिलियाने तिच्यासाठी भाजलं. का, ते तिलाच नीट सांगता आलं नसतं. झाडावर अंजिरं होती आणि मैत्रीण मागत होती, एवढंच. एका रविवारी ती ताट घेऊन रोझाल्बाच्या दारात आली तेव्हा रोमहून आलेली एक बाई म्हणाली, "बरं केलंत, मदतीला बाई ठेवलीत ते."

रोझाल्बा म्हणाली, "हो ना. करते बिचारी."

एर्सिलियाने ताट ठेवलं आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी रोझाल्बा आली. "अगं, परक्या माणसांसमोर काय सगळी कहाणी सांगत बसू?"

"एक वाक्य पुरलं असतं."

"तुला माझं बरं झालेलं बघवतच नाही. शाळेपासून असंच आहे."

एर्सिलियाने दार लावून घेतलं. पन्नास वर्षांत त्या दोघींमध्ये ते दार कधी लागलं नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी तुरीनहून नातीचा, नीव्हेसचा, फोन आला. "आजी, मी अंजिरांचा पिझ्झा केला. सगळा ओला झाला गं."

"चीज कधी घातलंस?"

"आधी. तसंच घालतात."

"तसं नाही घालत."

"अगं, टीव्हीवर त्या आजींनी आधीच घातलं. मूळचा त्यांचाच ना तो?"

"तू सात वर्षांची असल्यापासून माझ्या अंगणात खात आलीस."

"हो, पण तूही त्यांच्याकडूनच शिकलीस ना?"

एर्सिलियाने दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. चुलीवर काहीच नव्हतं.

काताल्दो खुर्चीत बसून ऐकत होता. "सांगायचंस तिला," तो म्हणाला.

"तू होतास त्या दिवशी अंगणात. तू बोललास?"

तो बोलला नव्हता. गावच्या कुरणात मेंढ्या चारायला सरपंचांचीच परवानगी लागायची. मान खाली घालून तो काठीच्या टोकाने फरशीवर उगाच रेघोट्या ओढत राहिला.

पुढच्या सप्टेंबरात एर्सिलियाने भट्टी फक्त पावासाठी पेटवली. अंजिरं झाडाखाली पडून फुटली, त्यांवर गांधीलमाश्या बसल्या. रोझाल्बाने स्वतः भाजून पाहिलं. पाहुणे अर्धं टाकून उठायचे. दोन वर्षांत येणारे थांबले आणि टेबलं आत गेली. त्यानंतर रोझाल्बा चर्चमध्ये एर्सिलियाच्या मागच्या बाकावर बसते, पण दोघी बोलत नाहीत.

गावाच्या वेशीवर ग्रामपंचायतीने लावलेली पाटी अजून आहे: ‘रोझाल्बाच्या अंजीर पिझ्झ्याचं गाव’. बसचा थांबा तिथेच आहे. काताल्दोचं औषध आणायला जाताना एर्सिलिया त्या पाटीच्या सावलीत उभी राहते, कारण तिथे दुसरी सावली नाही.