कढत म्हणजे किती? कोपरी ते डोंबिवली

शनिवारी वहिनीने निर्वाणीचं सांगितलं: आता पुढचाही घाणा फसला, तर सोमवारी शेड रिकामी करायची, तिथे तिची स्कूटर लागणार. तिच्या फराळाच्या धंद्यातल्या तळणीच्या तेलाचं मी मागच्या शेडमध्ये बायोडिझेल करतो. दादाचा टेम्पो त्यावर पळवायचा, एवढंच स्वप्न. पण तेलातून सुटं व्हायला हवं ते ग्लिसरीन काही केल्या खाली बसत नव्हतं.

म्हणून रविवारी सकाळी फसलेल्या घाण्याची बाटली घेऊन कोपरीहून बाइकवर डोंबिवलीला निघालो. डिझेल वाचवायला पेट्रोल जाळत! जाणार असाल तर मुंब्रा बायपासवर ट्रकांपासून जपा. शीळफाट्यानंतर खोदकाम आहे, तिथे घाई करून उपयोग नाही. वाटेत टपरीवर मिसळ खाल्ली. साठ रुपयांत पोट भरलं, डोळ्यांतून पाणीही आलं.

सुलभामावशी एमआयडीसीतल्या कारखान्यात केमिस्ट होती, आता निवृत्त आहे. फोनवर तिनेच मला कृती सांगितली होती. तिने बाटली उजेडात धरली आणि तेल किती तापवलंस, म्हणून विचारलं.

"तूच म्हणालीस ना, कढत कर. चांगलं कढवलं."

"अरे, कढत म्हणजे आंघोळीच्या पाण्यासारखं. तू तूप कढवतात तसं कढवलंस?"

मी मान डोलावली. वर फुशारकीने सांगितलं, की तेलाचं बायोडिझेल करणारं मिथेनॉल ओतल्यावर वास इतका सुटायचा, की काम जोरात चाललंय याची खात्री पटायची. मावशी हसून हसून खाली बसली. मिथेनॉल पासष्ट अंशांना उकळतं. माझं सगळं वासाबरोबर उडून जात होतं, मग तेलाला मिळणार काय? नंतर मात्र तिने चांगलंच झापलं, कारण ती वाफ विषारी. पाणी उडवायला तेल आधी खुशाल तापव, पण पंचावन्नपर्यंत निवल्यावरच कॉस्टिक सोडा मिसळलेलं मिथेनॉल घाल, झाकण घट्ट लाव, वाफेची नळी गार पाण्यातून बाहेर काढ आणि जवळ आग नको, असं तिने घोकवून घेतलं. वर आळूवडीचा डबा दिला.

दुपारीच घरी येऊन तसंच केलं. या वेळी वास आला नाही, तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी पिंपात तळाशी गडद ग्लिसरीन, वर मधाळ रंगाचं बायोडिझेल. मला नाचावंसं वाटलं. अजून धुणं, सुकवणं बाकी आहे, टेम्पो लांबच आहे. मागे वहिनी स्कूटर ढकलत आली होती. तिने वाकून पिंप नीट पाहिलं आणि स्कूटर वळवून बाहेर पत्र्याखाली लावली.