सिकंदरच्या कंबरेची सहल

इस्लामपुरात गेल्या वीस वर्षांत जेवढी लग्नं झाली, त्यातल्या निम्म्यांच्या गाद्या सिकंदर पिंजाऱ्यानं भरल्या. जोडपी महाबळेश्वरला जाऊन आली की त्याच्याच दुकानात येऊन सांगायची, "तिथली गादी लय मऊ होती." हा गडी मात्र अठरा वर्षांत बायकोला, जैनबला घेऊन नदीकाठी चहा प्यायलाही गेला नव्हता. जाणार कसा? घरात अम्मी, धाकटा भाऊ मोहसीन, त्याची बायको-पोरं. नवरा-बायकोनं दोघंच फिरायला जायचं म्हणजे लाज कोळून प्यावी लागते, आणि सिकंदरला ते कधी जमलं नाही.

जैनबनं अठरा वर्षांत एकच मागणं मागितलं. "आवं, एक दिवस असा मिळावा की मला कुणी हाकच मारू नये."

हे बोलणं त्याला टोचत राहिलं. शेवटी त्यानं मेढ्याच्या पुढं पाण्याकाठी एक खोली ठरवली. मालकाला फोनवर दबक्या आवाजात विचारलं, "झोपाळा हाय न्हवं? आन शेजारी कोन न्हाई ना?" घरात थाप मारली, "कंबर धरलीया. साताऱ्याला मोठ्या डॉक्टरला दाखवून येतो. जैनब येईल सोबतीला."

अहो, इथंच तर चुकला! लग्नाचं आमंत्रण दिलं तर माणसं सतरा कारणं सांगतात, दवाखान्याचं नाव काढलं की न बोलावता येतात. सकाळी दारात जीप उभी. पुढं डबा मांडीवर घेऊन अम्मी, मागं मोहसीनचं सगळं बिऱ्हाड आणि शेजारची अंबूबाई, कारण तिला साताऱ्याचे सगळे दवाखाने पाठ.

"दुखण्यात एकट्याला सोडत्यात व्हय रं?" अम्मी म्हणाली.

जैनबनं नवऱ्याकडं असं बघितलं की धडधाकट माणसालाही कळ यावी. पाण्याकाठची खोली तिथंच बुडाली.

आता दवाखाना टळत नव्हता. साताऱ्यात डॉक्टरांनी कंबर दाबली आणि सिकंदर खराखुरा ओरडला. वर्षानुवर्षं वाकून कापूस भरलेला, मणके दबलेच होते. त्याला दाखल करून घेतलं, कंबरेला वजनं बांधली आणि नर्सबाईंनी फर्मान काढलं, "पेशंटजवळ एकच माणूस थांबेल. बाकीचे बाहेर."

अम्मी आधीच स्टुलावर बसली होती. "मी थांबते. लेक हाय माझा."

वजनाला बांधलेला माणूस काय बोलणार! आणि सासूपुढं "व्हय"शिवाय कधी शब्द न काढलेली जैनब म्हणाली, "अम्मी, मी थांबते. तुमी घरी जावा."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. मोहसीननं तर खोकून घेतलं. अम्मीनं सुनेकडं बघितलं, मग लेकाकडं. म्हातारी काही उगीच म्हातारी झाली नव्हती. डबा सुनेच्या हातात दिला, सगळ्यांना पुढं घातलं आणि निघाली.

दार लागलं. शेजारची खाट रिकामीच होती. खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा एक कोपरा दिसत होता. दोघं एकाच ताटलीत जेवली, तिनं त्याला आडव्यानंच घास भरवले.

"पाणी बघायचं राहिलं गं," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"राहू द्या. दुपारपास्नं कुणी हाक मारली न्हाई मला," म्हणत ती रिकाम्या खाटेवर आडवी झाली आणि भरदिवसा गाढ झोपली. सिकंदर तिच्याकडं बघत पडून राहिला. इतका आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. "काय सिकंदर, बरं वाटतंय ना? सोडायचं घरी?"

सिकंदर "व्हय" म्हणायला तोंड उघडतोय, तेवढ्यात जैनब पुढं झाली.

"न्हाई डॉक्टर. अजून लय दुखतंय त्यांना."