ओठांची अक्षरं

अमेरिकेत, ॲन आर्बरला, आमच्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त संगीतशिक्षक एकटेच राहायचे. हायस्कूलच्या मुलांचा बँड बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता ते गावातल्या हौशी ऑर्केस्ट्रात फ्रेंच हॉर्न वाजवायचे. दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या. मी विद्यापीठाच्या लॅबमध्ये आणि नवरा त्याच्या ऑफिसात गेला, की दिवसभर घरात त्या, हीटरची घरघर आणि खालून येणारा हॉर्न.

"रोज एकच वाजवतात गं," आई म्हणायच्या, "पण कंटाळा येत नाही."

एकदा जिन्यात त्यांनी ते वाद्य जवळून पाहिलं. पितळी नळीची ती वेटोळी बघून घरात येताच म्हणाल्या, "अगं, ही तर जिलबी!" तेव्हापासून ते आमच्याकडे जिलबीवाले काका झाले.

नोव्हेंबर संपता संपता हॉर्न थांबला. आईंनी रोज विचारायला सुरुवात केली, "गावाला गेलेत का?" मग एका संध्याकाळी काका मला टपालपेटीपाशी भेटले. त्यांचा डावा गाल खाली ओघळला होता आणि डोळा मिटत नव्हता. चेहऱ्याच्या नसेवरून वारं गेलं होतं. औषधं चालू होती, बहुतेक बरं होईल असं डॉक्टर म्हणत होते. पण कधी, ते कुणी सांगत नव्हतं.

"मार्चमध्ये कॉन्सर्ट आहे," ते अडखळत म्हणाले. एकोणिसाव्या शतकातल्या एका रशियन संगीतकाराची सिम्फनी होती. तिच्या दुसऱ्या भागात सगळा ऑर्केस्ट्रा दबक्या आवाजात मागे राहतो आणि हॉर्न एकटा गातो. विद्यार्थी असल्यापासून त्यांना ते वाजवायचं होतं. इतक्या वर्षांनी संधी आली होती, आणि आता ओठ मिटत नव्हते.

मी वर येऊन हे सांगितलं. आई भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "मला खाली घेऊन चल," म्हणाल्या.

आईंचं हसू थोडं उजवीकडे ओढलेलं असतं, हे मी लग्नापासून बघत होते. ते तसं का, हे कधी विचारलं नव्हतं. त्यांनी ते त्या दिवशी सांगितलं, काकांच्या सोफ्यावर बसून, मला दुभाषी करून. माझा नवरा तान्हा असताना त्यांचाही चेहरा असाच गेला होता. पाणी प्यायलं की ओघळायचं. त्यांनी हळदीकुंकवाला जाणं सोडलं, पदर गालावर घेऊन वावरू लागल्या.

"त्यांना सांग, बाळ माझ्याकडे बघून हसायचं आणि मला उलट हसता यायचं नाही."

मी सांगितलं.  काकांनी विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

आईंनी शाळेतल्या बाईंसारखा हात वर केला. "म्हणा माझ्यामागे. प, फ, ब, भ, म."

ही आपल्या मुळाक्षरांतली ओठांची अक्षरं, ओठ मिटल्याशिवाय निघतच नाहीत, हे मी इंग्रजीत समजावलं. काकांनी प्रयत्न केला. 'प'मधून नुसती हवा गेली. 'भ' तर त्यांना धड ओठांनीसुद्धा जमला नसता. त्यांना हसू आलं, पण अर्ध्याच चेहऱ्यावर. आईही हसल्या.

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, आणि मग हे रोजचंच झालं. आई दुपारी खाली जायच्या. आरशासमोर दोघं गाल फुगवायचे, मेणबत्ती विझवायचे. मी 'आई' म्हणते ते ऐकून काकांना ते त्यांचं नावच वाटलं, आणि तेही त्यांना आई म्हणू लागले. संगीतकारांच्या गोष्टी ते हातवारे करून सांगायचे. त्या रशियन माणसाला स्वतःचीच ही सिम्फनी फसली असं वाटलं होतं, हे आईंना कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. मला म्हणाल्या, "एवढं सुंदर लिहून बिचारा रडत बसला."

जानेवारीत एकदा मी लवकर घरी आले. खालचं दार उघडं होतं. काकांनी हॉर्नची फुंकणी भिंतीवर फेकली होती आणि चेहरा ओंजळीत धरून ते बसले होते. आई शेजारी शांत बसून होत्या.

"आपण जाऊ या का?" मी हळूच विचारलं.

"कशाला? रागावू देत. मी ताटं फेकलीत."

फेब्रुवारीत डोळा मिटू लागला आणि ओठही जुळले. सूर निघू लागला, पण टिकेना. चार ओळी वाजवल्या की ओठ थरथरायचे. एका रविवारी काका स्वतः वर आले. कंडक्टरने तो एकल भाग विद्यापीठातल्या एका मुलीला दिला होता. त्यांना मागे साथीला, चौथ्या हॉर्नची खुर्ची मिळाली होती.

"बरोबरच केलं त्याने," ते म्हणाले. "मीही तेच केलं असतं." आईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. 

कॉन्सर्टला आम्ही तिघं गेलो. दुसरा भाग सुरू झाला. ती मुलगी फार छान वाजवत होती, आणि काका हॉर्न मांडीवर घेऊन समोर बघत होते. आईंनी माझा हात घट्ट धरला होता. नंतर बाहेर मी काकांना विचारलं, "वाईट वाटलं का हो?"

"वाटलं ना," ते म्हणाले. "खूप." आणि त्या मुलीचं अभिनंदन करायला आत परत गेले.

आईंच्या परतीच्या आदल्या दिवशी काकांनी आम्हाला खाली बोलावलं. आई सोफ्यावर मांडी घालून बसल्या. काकांनी ती धून सुरुवातीपासून घेतली, अगदी संथ. मधल्या उंच सुरावर आवाज फाटला. ते थांबले, रुमालाने ओठ टिपले.

"सावकाश," आई मराठीतच म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली, दम घेतला आणि फाटला होता तिथूनच पुढे वाजवत शेवटापर्यंत गेले.