माळेत न बसलेली नावं

पडवी अर्धी सारवून झाली होती. चंद्राबाई उकिडवी बसून शेणाचा हात फिरवत मागं मागं सरकत होती, तेवढ्यात दारात काठी वाजली. हिर्डोशीच्या वरच्या वाडीतला हैबती धनगर आला होता. त्याच्या मागं त्याची बायको धोंडाबाई चौकटीला धरून दम खात उभी होती. ओल्या सारवणावर पाय पडू नये म्हणून दोघं भिंतीला खेटून, कडेकडेनं आत आली.

"अर्धंच झालंय की वो," धोंडाबाई टेकता टेकता म्हणाली. "द्या हिकडं पाटी. म्या उरकते."

"बसा गप. उभं राहवत नाही आणि सारवायला निघालात. चालत आलात काय?"

"चालत कुठं? यष्टीनं आलो. यष्टीत बसून बी दम लागतोय. डागदर म्हंतोय, छातीत पाणी झालंय. आता आमच्या हिर्डोशीच्या पावसानं आनि कुठं शिरावं?" असं म्हणून ती हसली, आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत हैबती आपल्या पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

साल छप्पन्नचं. श्रावण चालू होता, पण दोन दिवस पाऊस उघडला होता. धोंडाबाईला सरकारी दवाखान्यात ठेवायचं ठरलं होतं. तिथं जायच्या आधी तिला चंद्राबाईच्या घरी एक काम होतं.

"मला तीन पोरी," ती म्हणाली. "सगुणा, हौसा आन धाकटी काशी. त्यांच्या हळदीला घाना भरताना आईनं म्हनायच्या वव्या मला म्हनून ठेवायच्यात. पोरीला एकेक तबकडी द्यायची. ज्या गावात जातील तितं फोनो काय, कुनाकडं तरी असंलच."

"अहो, असं काय बोलता? तुम्ही स्वतः उभ्या राहून म्हणाल की."

"ऱ्हायले तर म्हनंन. मग तबकडी आन म्या, दोघी म्हनू. जुगलबंदी हुईल."

चंद्राबाई ही उत्रोलीची लेक. लग्न होऊन ती भोरात आली तेव्हा यजमानांचं, चिमाजीरावांचं, दुकान म्हणजे दोन कर्णे आणि एक जुना फोनो, एवढंच होतं. लग्नकार्याला कर्णे भाड्यानं जात. पुढं चिमाजीरावांनी आवाज भरून ठेवणारं फितीचं यंत्र आणलं, आणि त्याबरोबर एक निराळाच धंदा घरात आला. पुण्याला एक गृहस्थ फितीवरचा आवाज एकेका तबकडीवर कोरून देत. बाजारातली रेकॉर्ड हजारांनी निघते. ही घरगुती, एखाददुसरी, फार तर पाच. कुणाला वडलांचं कीर्तन हवं असे, कुणाला मुलीचं पद.

पण फीत जशीच्या तशी पुण्याला पाठवून भागत नसे. तबकडीची एकच बाजू कोरली जाई आणि तिच्यावर तीन मिनिटं मावत. ढोलाचा ठोका जोरात पडला, तर कोरलेली रेघ शेजारच्या रेघेत घुसे आणि मग फोनोची पिन तिथंच गरगरत राही. आवाज बारीक पडला, तर खरखरीत बुडून जाई. म्हणून फीत आधी घरी निवडावी लागे. नको ते कापायचं, हवं ते जोडायचं आणि सगळं तीन मिनिटांत बसवायचं.

हे काम चंद्राबाईचं. कर्ण्याखाली उभं राहून राहून चिमाजीरावांचा एक कान अधू झाला होता. तिचे कान मात्र तल्लख. फितीचं चाक हातानं मागंपुढं फिरवून ती नेमकी जागा धरी, पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करी, पात्यानं तिरका काप देई आणि चिकटपट्टीनं असा सांधा जोडी की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. वेळ मोजायला तिला घड्याळ लागत नसे. 'रामकृष्णहरी'ची एकशे आठ मण्यांची एक माळ तिच्या हातून बरोबर तीन मिनिटांत पुरी होई. चिमाजीरावांनी चार वेळा घड्याळ लावून पाहिलं आणि मग घड्याळ खिशात ठेवून दिलं.

"मी यंत्र आणलं," ते म्हणायचे, "पण धंदा चालवतो तो हिचा रामकृष्णहरी."

धोंडाबाईला आतल्या खोलीत बसवलं. खिडकीवर हैबतीचं घोंगडं टांगलं, कोंबड्या डालल्या, हैबतीला बाहेर अंगणात बसवलं, दाराला आतून कडी घातली. चिमाजीरावांनी यंत्र सुरू केलं, तशी धोंडाबाईनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्या पाच ओव्या देवांच्या. बिरोबा, जेजुरीचा खंडोबा, वेल्ह्याची मेंगाई, शिरकाई, गावचा भैरोबा. आजारी बाईचा आवाज वाटेना. डोंगरावरून शेळ्यांना हाळी घालणारा गळा होता तो. पुढं चार ओव्या हळदीच्या आणि माहेराच्या. तिथं श्वास लागायला लागला, मधे मधे खोकला आला. आणि सगळ्यात शेवटी तीन ओव्या, एकेका पोरीचं नाव घेऊन. त्या म्हणताना आवाज पार खाली गेला, चिमाजीरावांच्या अधू कानापर्यंत पोचेना. कोपऱ्यात चंद्राबाई माळ ओढत होती. तिचं सगळं ध्यान मण्यांवर होतं. माळ पुरी होऊन वर अर्धी झाली, तरी ओव्या चालूच होत्या.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाई दवाखान्यात गेली आणि चंद्राबाई फीत घेऊन बसली. आधी खोकले काढले. एकूण चौदा निघाले. प्रत्येकाच्या दोन बाजूंना काप देऊन, मधला तुकडा टाकून, ओळ ओळीला जोडली. दोन दुपारी त्यातच गेल्या. तरी माळेच्या वर पंचवीस मणी शिल्लक राहत होते.

"आता डोकं कापायचं का शेपूट?" चिमाजीरावांनी विचारलं.

"देवांची नावं कापू? हळदीच्या गाण्यातली? माझ्या हातून नाही होणार ते."

"मग मधलं काढ. हळदीचं."

"ते एकात एक गुंफलंय. मधली एखादी ओवी काढली की तुटलेलं कळणार. शिवाय शेवटचं बघा ना, किती बारीक झालंय. पुण्याचे ते म्हणतील, हे काय कोरायचं? नुसती खरखर येईल."

"पण मग पोरींची नावं बाहेर राहतात."

"पोरींची नावं पोरींना ठाऊक आहेत," चंद्राबाई म्हणाली. "देवाला मात्र आधी बोलवावं लागतं."

आणि तिनं काप दिला. माळ बरोबर एकशे आठव्या मण्याला संपली. तिनं ती कपाळाला लावली. आपल्या हातून चांगलं काम झालं, असंच तिला त्या दिवशी वाटलं होतं.

कापून काढलेली फीत घरात वाया जात नसे. खोकल्यांचे तुकडे चुलीत गेले. शेवटाची फीत लांब होती. परसात घेवड्याचा वेल नुकता चढायला लागला होता. चंद्राबाईनं त्या फितीचे हात हात लांबीचे तुकडे केले आणि वेल काठ्यांना बांधला. जोडलेली फीत पुण्याला जाऊन तीन तबकड्या झाल्या. मग तीच फीत यंत्रावर चढली आणि नवरात्रातलं कीर्तन तिच्यावर भरलं गेलं. एकावर दुसरं भरलं की पहिलं पुसतं. यंत्राची रीतच ती.

धोंडाबाई त्याआधीच गेली होती. दवाखान्यात सोळा दिवस काढले. तबकड्या पुण्याहून आल्या नव्हत्या. चंद्राबाई दर गुरुवारी तिला पेज घेऊन जाई. शेवटच्या गुरुवारी धोंडाबाईनं विचारलं होतं, "झालं का वो माझं गानं?"

"झालं. फार छान झालंय."

"समदं बसलं?"

"बसलं," चंद्राबाई म्हणाली. आजारी माणसाला काय सांगत बसायचं, म्हणून म्हणाली.

"मग झालं तर," असं म्हणून धोंडाबाईनं पेजेला तोंड लावलं.

दसरा झाल्यावर हैबती तिन्ही पोरींना घेऊन आला. चिमाजीरावांनी तबकड्या पुढं ठेवल्या आणि नीट समजावून सांगितलं, "हैबती, ही बाजारच्या रेकॉर्डसारखी टणक नसते. मऊ असते. पिन फिरेल तशी झिजते. रोज लावायची नाही. कार्याला लावा, सणाला लावा."

"व्हय जी. हिला रोज काम लावायचं न्हाई आता," हैबती म्हणाला.

फोनो सुरू झाला. बिरोबाच्या नावासरशी धाकटी काशी उठली आणि फोनोच्या मागं जाऊन वाकून बघून आली. हौसानं बापाचा हात धरला. थोरली सगुणा बारा वर्षांची. ती मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, ओठ हलवत बसली होती. प्रत्येक ओळ तिला पाठ होती आणि आईच्या बरोबरीनं ती आवाज न काढता म्हणत होती. खंडोबा झाला, मेंगाई झाली, शिरकाई, भैरोबा. हळद झाली, माहेर झालं. पिन आत सरकली आणि तबकडी मुकी फिरायला लागली. सगुणाचे ओठ तसेच पुढं हलले आणि थांबले.

"आन आमची नावं?"

चिमाजीरावांनी फोनोची पिन उचलली.

"काकी, म्होरं आमची नावं हायेत. आई म्हनली होती, समद्यात शेवटाला तुमी. पैली म्या, मग हौसी, मग काशी."

"जागा नव्हती बाळ," चिमाजीराव म्हणाले. "तीन मिनिटंच मावतात."

"मग देवाचं कमी करायचं. देवाला कुठं आई न्हाई?"

"सगुणे!" हैबती गुरकावला. पण त्यात जोर नव्हता. मग तोच हलक्या आवाजात म्हणाला, "तिला त्येवढ्यासाठीच आनली होती जी म्या. देव काय, माजी बहीन म्हनंल. नावं हिच्या तोंडची पायजे हुती."

चंद्राबाई उठली आणि तडक परसात गेली. घेवड्याला शेंगा लागल्या होत्या. तिनं एकेक गाठ सोडायला घेतली. सुटेना ती दातानं सोडली. फीत उन्हापावसानं पांढुरकी होऊन वळली होती. काही तुकडे हातातच तुटले. नऊ तुकडे जेमतेम मिळाले. कुठला कुठं, उलटा की सुलटा, काही कळत नव्हतं. ओच्यात घेऊन ती आत आली. तुकडे ओल्या फडक्यानं पुसले, पाटाखाली दाबून सपाट केले, पट्ट्या लावून जोडले. चिमाजीरावांनी फीत यंत्रात घातली.

नुसती खरखर. जत्रेत भजी तळावी तशी. मग मधेच एक लांब श्वास आत ओढल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागून खोकला. दोन उबळी, त्यातली दुसरी अर्धी. पुन्हा खरखर आणि फीत संपली.

"आई," काशी म्हणाली. तबकडी चालू असताना ती हे बोलली नव्हती.

"परत लावा," सगुणा म्हणाली.

चिमाजीरावांनी परत लावलं. तिसऱ्यांदा लावताना सांध्याजवळ फीत तुटली आणि यंत्राच्या चाकात अडकून तिचा भुगा झाला.

चंद्राबाईला दोन दुपारी आठवल्या. चौदा खोकले तिनं मन लावून वेचले होते; गाणं संपल्यावरचा हा तेवढा, टाकायच्या टोकाला होता म्हणून, राहून गेला होता. ती सगुणाच्या पुढ्यात बसली.

"पोरी, चूक माझी आहे. तुझे काका म्हणत होते, नावं बाहेर राहतात. मीच कापली. देवाला बोलावलं आणि तुम्हाला घालवलं. त्या तीन ओव्यांचे शब्द तरी सांग मला."

सगुणानं मान हलवली. "शेवटाच्या आमाला म्हनून दावल्याच न्हाईत तिनं. म्हनली, आदी कळल्या तर हळदीला रडू येनार न्हाई. तुमी हुता की तितं. तुमी ऐकल्या न्हाईत?"

चंद्राबाईनं आठवून पाहिलं. धोंडाबाईचे मिटलेले डोळे आठवले, घोंगड्यातून येणारी उजेडाची फट आठवली. ओवीचा मात्र एक शब्द आठवेना. त्या वेळी ती मणी मोजत होती, आणि पुढं फीत निवडतानाही तिनं खोकले आणि सांधेच ऐकले होते.

"नाही ऐकल्या गं," ती म्हणाली.

हैबतीनं तबकड्या घोंगड्यात गुंडाळल्या. "काकींना बोल लावू नगंस," तो दारात पोरीला म्हणाला. "त्यांनी चांगलंच करायला घेतलं हुतं." यष्टीची वेळ झाली होती. जाताना सगुणानं वाकून नमस्कार केला, रीत म्हणून. चंद्राबाईला तो नमस्कार घेववेना. तिनं पाय मागं घेतले.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, माळ हातात घेतली. पहिल्या मण्यावरच बोट थांबलं. तिनं माळ तशीच खाली ठेवली आणि नुसते हात जोडून बसली. कितीतरी वेळानं चिमाजीराव आत आले.

"धोंडाबाईला एक थोरली बहीण आहे म्हणे," ते म्हणाले. "भामाबाई. मार्गासनीला दिलीय. आईच्या घरच्या ओव्या असतील तर तिला येत असतील."

"येत असल्या तरी आवाज तिचा नाही."

"नाही."

"आणि नावं तर धोंडाबाईनं आपली आपण घातली असतील."

"असतील."

मग चंद्राबाई उठली, कोनाड्यातून कोरी वही आणि शिसपेन्सिल काढून पिशवीत ठेवली. सकाळच्या यष्टीनं नसरापूरला उतरून, तिथून दुसरी गाडी धरून, मार्गासनीला भामाबाईकडं जायचं होतं, त्या तीन ओव्यांचे शब्द तिला ठाऊक आहेत का, ते विचारायला.