तिसऱ्या अंकातला प्रॉम्प्ट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. चार वर्षांपूर्वी, गणपतीतल्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात मेष्ट्रू आपलं वाक्य विसरले. मी विंगेत वही उघडून उभा होतो. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी ते दिलं नाही. नंतर त्यांनी विचारलं तेव्हा दिलं होतं म्हणून सांगितलं.

मेष्ट्रू म्हणजे मास्तर. कन्नडात असंच म्हणतात, आणि म्हैसूरच्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. गणित शिकवून निवृत्त झालेले, राहायला सरस्वतीपुरमला. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजाच्या फौजेत म्हणून इकडे आले. "घोडं मेलं, म्हणून इथंच राहिलो बघ," एवढाच इतिहास ते सांगतात. मी वीस-एक वर्षांपूर्वी पुण्याहून नोकरीसाठी आलो. कडकोळच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातली खोट काढणं हे माझं काम.

मंडळाचं नाटक दरवर्षी मेष्ट्रू लिहीत. कुणाचं आणून बसवायचं नाही, रूपांतर नाही. "उसना घातलेला सदरा खांद्यात बसत नाही की," म्हणायचे. नऊ नाटकं झाली: सहा विनोदी, तीन गंभीर. एकात दोन भाऊ पणजोबांच्या तलवारीसाठी कोर्टात जातात आणि धार लावायला नेल्यावर ती नाटकातली पत्र्याची निघते. एकात दसऱ्याला एका खोलीच्या घरात सतरा पाहुणे येतात आणि मिरवणूक बघायला कुणीच जाऊ शकत नाही, कारण दाराशी झोपलेल्या आत्याला उठवायचं धाडस कुणात नाही. ती आमची इथली माणसं होती, इथल्याच मराठीत बोलणारी, मध्येच कन्नडात शिरणारी, आणि भांडण संपवायला परत मराठीत येणारी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात नाक मुरडलं होतं. तिसऱ्या तालमीला मला कळलं की हा माणूस खरा नाटककार आहे.

माझं अक्षर बरं, म्हणून मी त्यांच्या वह्यांवरून नकला उतरवायला लागलो. नक्कल म्हणजे ज्याच्या त्याच्या संवादांची वेगळी प्रत. मग प्रॉम्प्टरही झालो. त्यांचा नियम कडक होता. नट नुसता थांबला म्हणून वाक्य द्यायचं नाही; थांबणं हासुद्धा अभिनय असू शकतो. विसरलेल्या नटानं उजवा हात डाव्या मनगटावर ठेवायचा. मग विंगेतून पहिले दोन शब्द द्यायचे. दोनच.

"तिसरा दिलास तर नट आळशी होतो," ते म्हणत. "आणि खूण नसताना दिलास तर तुलाच स्टेजवर ढकलीन बघ, पुणेरी."

रविवारी तालीम संपली की बाकीचे जात, मी थांबे. काकू, म्हणजे मेष्ट्रूंची बायको, कॉफी आणत. मी मुळात फारसा बोलणारा नाही, पण त्यांच्याकडे बोललो. एकदा वडिलांच्या मृत्यूचं सांगितलं. मी गावी पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. मला दोरीच्या गाठी सैल दिसल्या. मी खाली बसलो आणि एकेक गाठ सोडून पुन्हा बांधायला लागलो. मोठे काका ओरडले, "अरे, इथं तरी तपासणी नको!" लोक थांबले होते. मी सगळ्या गाठी बांधूनच उठलो. रडलो नाही, तेव्हाही आणि नंतरही. हे सांगताना माझा आवाज फाटला. मेष्ट्रू जवळ सरकले. माझ्या पाठीवर हात ठेवून बसले.

पुढच्या वर्षीच्या नाटकाची वही माझ्याकडे आली. विनोदी नाटक. त्यात कारखान्यातला एक इन्स्पेक्टर, जो सासऱ्याच्या तिरडीच्या गाठी तपासतो, हार नमुन्याप्रमाणे नाही म्हणून परत पाठवतो, आणि शेवटी प्रेताच्या पायाला "पास" असं लेबल बांधतो.

मी ते सगळं स्वतःच्या सुंदर अक्षरात उतरवलं. पाच नकला. एकाही शब्दाला हात लावला नाही. मेष्ट्रूंनी विचारलं, "कसं वाटलं रे?"

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"खरं सांग की. तुला चालतंय नव्हे?"

"चालतंय, मेष्ट्रू."

तिथं बोलायला हवं होतं. त्यांनी विचारलं होतं, आणि एका शब्दावर त्यांनी तो प्रवेश फाडून टाकला असता हे मला माहीत होतं. पण अशा वेळी तोंड न उघडणं हा माझा जुना स्वभाव आहे. मी त्याला सभ्यपणा समजत आलो.

प्रयोगाला हॉल हसून लोटपोट झाला. कारखान्यातली चार मराठी पोरं आली होती, ती खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. इन्स्पेक्टरचं काम करणारा मध्ये अडला आणि त्यानं मनगटावर हात ठेवला. मी त्याला दोन शब्द दिले: "गाठ सैल". हशा उसळला. पहिल्या रांगेत माझी बायको होती. फक्त ती हसत नव्हती. विंगेकडं बघत होती.

घरी जाताना स्कूटरवर तिनं विचारलं, "तुम्ही सांगितलं होतंत त्यांना?"

"नाटक आहे ते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये एकानं माझ्या बॅगेला लेबल बांधलं: पास. वर्षभर ते चाललं. मीही हसायचो.

त्यानंतरच्या वर्षीचं नाटक मेष्ट्रूंचं सगळ्यात चांगलं नाटक. गंभीर. नोकरीतून निलंबित झालेला एक हेडक्लार्क दोन वर्षं घरी सांगत नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि बन्नीमंटपच्या मैदानाशेजारी बसून राहतो. तिसऱ्या अंकात तो मुलीपुढं हे कबूल करतो. सबंध नाटक त्या एका भाषणासाठी लिहिलेलं. बापाचं काम मेष्ट्रू स्वतः करत होते. तालमीत त्या भाषणाला मुलीचं काम करणारी बाई, जी एरवी बँकेत अधिकारी, प्रत्येक वेळी खरंच रडायची.

संध्याकाळचा प्रयोग. तिसरा अंक. मुलगी विचारते, "अप्पा, तुम्ही रोज जाता तरी कुठं?" मेष्ट्रूंनी डबा खाली ठेवला. थांबले. हॉल गप्प. मी पानावर बोट ठेवून होतो. मग त्यांचा उजवा हात हळूहळू डाव्या मनगटावर गेला.

मी खूण बघितली. ती दिसली नाही, असं मला म्हणता येणार नाही. त्यांचं तोंड माझ्या बाजूला होतं, मध्ये फार तर आठ फूट. मी मनात म्हणालो, एक श्वास थांबू दे ह्यांना. एकच. सगळ्यांच्या देखत उघडं पडणं काय असतं ते कळू दे. तो श्वास संपला आणि मी दुसरा घेतला. त्यांनी मनगट घट्ट धरलं. त्यांची मान माझ्याकडं वळली, अगदी थोडी, नटानं वळवू नये इतकी. ओठ हलले. मागं कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणीतरी खोकलं. माझा घसा मोकळा होता. आवाज येत होता. मी वहीत खाली बघितलं, जणू शोधतोय.

शेवटी बँकेतल्या बाईंनीच सांभाळलं. "अप्पा, आधी पाणी घ्या," म्हणून त्यांना हाताला धरून बसवलं आणि दीड पान ओलांडून पुढचं वाक्य घेतलं. नाटक शेवटाला गेलं. टाळ्याही झाल्या. ते भाषण मात्र कुणी ऐकलंच नाही, आणि त्याशिवाय शेवटाला काही अर्थ नव्हता.

रंगपटात ते मेकअपसकट खुर्चीवर बसले होते. काकू वारा घालत होत्या. मी वही घेऊन आत गेलो.

"दिलास का रे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना फक्त माहिती हवी होती.

"दिला, मेष्ट्रू."

"मला ऐकूच आलं नाही."

"दोनदा दिला."

तो 'दोनदा' मी का घातला, मला आजही सांगता येत नाही. ते काकूंकडे बघून हसले. "अय्यो, दोनदा! कान गेले की गं माझे."

पुढच्या आठवड्यात कान तपासून घेतले. कान ठीक निघाले. मी भेटायला गेलो तेव्हा ते गॅलरीत बसले होते. म्हणाले, "कान ठीक हाय म्हणतात. मग हे वरचंच." आणि कपाळावर बोट ठेवलं. त्यांचे वडील शेवटची सहा वर्षं पोरांची नावं विसरले होते. मेष्ट्रू आयुष्यभर त्याच एका गोष्टीला भ्याले. काकूंनी त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयाला अगदी उत्तम आहे. काकूंना हायसं वाटलं. मेष्ट्रूंना नाही.

"डॉक्टरला काय गोत्तु, काय कळतंय?" ते मला म्हणाले. "वाक्य विसरणं सोड, ते सगळे विसरतात. पण दोनदा कानात पडून डोक्यात शिरलं नाही, अल्वा, खरं की नाही?" माझ्याकडं बोट करून काकूंना म्हणाले, "हा उभा होता की तिथं. हा कशाला खोटं बोलेल?"

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच समजवा ह्यांना. तुमचं ऐकतात."

"विश्रांती घ्या थोडी," मी म्हणालो.

त्यांनी नाटक लिहिणं थांबवलं. दहाव्याचा पहिला अंक झाला होता, तलवारीच्या नाटकाहूनही धमाल. ती वही त्यांनी बांधून कपाटावर टाकली. ज्याला स्वतःचं वाक्य ऐकू येत नाही त्यानं दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालू नयेत, म्हणाले. बाजारात एकटे जाईनासे झाले. मंडळ आता दरवर्षी गाण्यांचा कार्यक्रम करतं.

यंदा मंडळानं त्यांची नऊ नाटकं एकत्र छापायचं ठरवलं. सगळ्या प्रती माझ्याकडे, म्हणून प्रुफं आणि प्रस्तावना माझ्या गळ्यात. गेल्या रविवारी प्रुफं आणि मूळ वह्या घेऊन मी सरस्वतीपुरमला गेलो. त्यांनी चष्मा लावून पानं चाळली आणि तिसऱ्या नाटकात थांबले.

"इथं आत्याचं एक वाक्य गेलंय."

मी मूळ वही उघडली. गेलं होतं. मीच उतरवताना गाळलं होतं, दहा वर्षांपूर्वी. त्यांनी ते शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, मागची-पुढची दोन वाक्यंही, आत्याच्या आवाजात. काकू स्वयंपाकघरातून हसल्या.

"बघा, काही विसरला नाहीत तुम्ही," मी म्हणालो.

"जुनं राहतंय रे. माझ्या अप्पांनाही जुनं आठवायचं." त्यांनी पानं नीट जुळवली. "प्रस्तावनेत गुळमुळीत लिहू नको. स्वच्छ लिही, स्मरण गेलं म्हणून लिहिणं थांबवलं. वाचणाऱ्याला खोटं सांगू नये."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं.

"बरं," मी म्हणालो, "तसं लिहितो."

आणि प्रुफं घेऊन खाली उतरलो.

प्रस्तावनेत ते वाक्य मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. पण ते न लिहिणंही पुरेसं नाही. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, डोकं शाबूत आहे, आणि शाबूत नाही असं समजून बसले आहेत, कारण तसं मी त्यांना सांगितलं. माझं काय दुखलं होतं ते सांगायचं की नाही, ही माझी बाब. पण त्यांच्यासमोर बसून, काकूंच्या देखत, त्या दिवशी मी प्रॉम्प्ट दिला नव्हता हे सांगणं मी त्यांना देणं लागतो. आज हे लिहीपर्यंत ते मी दिलेलं नाही.