कस्तुराबाईचं पान

मल्हारीला छंद विचारला की तो आधी आजूबाजूला बघून घेतो आणि मग हळूच सांगतो, "पत्ते." समोरच्याच्या कपाळावर आठी चढते. मग बिचाऱ्याला खुलासा करावा लागतो, की पैसे लावायचे पत्ते नव्हेत, रमीसुद्धा नव्हे. यात राजा-राणी नसतात. प्रत्येक पानावर वेगळं चित्र, प्रत्येकाची वेगळी ताकद, आणि ती पानं एकमेकांशी लढतात. एवढं ऐकून समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे लहान मुलांचं." मल्हारी पस्तिशीचा आहे, पुढचे केस मागून ओढून आणावे लागतात, तरीही तो मान डोलावतो आणि म्हणतो, "हो, तसंच काहीतरी." वाद घालणं त्याच्या स्वभावातच नाही.

गारखेड्यातल्या एका छपाईच्या दुकानात तो डिझाइनचं काम करतो. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. दिवसभर कुणा ना कुणा भाऊंचा चेहरा उजळायचा आणि "अजून थोडा गोरा करा की" म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला खुर्चीमागे उभं राहू द्यायचं. हे सगळं उरकलं की मालकाला विचारून उरल्यासुरल्या जाड कागदावर तो स्वतःची पानं छापतो. मालक ती उलटसुलट करून बघतात आणि परत देतात.

या खेळाचं वेड त्याला कॉलेजात लागलं, मुकुंदवाडीच्या अभयमुळं. खेळ परदेशी, पानं महाग. तेव्हा दोघांनी ठरवलं, आपला संच आपणच करायचा. सुरुवातीला त्यात तिकडचेच आग ओकणारे ड्रॅगन होते. मग एका उन्हाळ्यात मल्हारीनं एक ड्रॅगन काढून त्याच्या जागी पाण्याचा टँकर टाकला आणि खेळाचा नूरच पालटला. ड्रॅगनला आजवर कुणी भीक घातली नव्हती, पण टँकर दिसला की सगळ्यांचे हात एकदम पुढं. त्यामागून गंगापूरची शेअर जीप आली, तिच्यात एक पान कायम जास्तीचं बसतं. आठवड्यानं येणारा नळ आला. पंगत आवरता न येणारा आचारी आला. हा सगळा संच बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहतो, म्हणून त्याला नावही डबाच पडलं.

रविवारी मल्हारीच्या घरी मंडळी जमतात. गोल बसायचं, डब्यातली पानं पिसून प्रत्येकाला मूठभर वाटायची. आपल्या मुठीतलं एक पान ठेवून घ्यायचं आणि बाकीची डावीकडच्याला द्यायची. अशी पानं फिरत राहतात, जो तो एकेक निवडत जातो, आणि ज्याच्याकडे जे जमलं त्याच्या जिवावर तो पुढं लढतो. चांगली पानं आधी उचलली जातात. नावडती फिरून फिरून शेवटच्याच्या गळ्यात पडतात.

डब्यात पानं तीनशे साठ, त्याहून एकही जास्त नाही. गर्दी झाली की जोडीची पानं जोडीला येत नाहीत, खेळ पातळ होतो. म्हणून एक आत आलं की एक बाहेर. या बाहेर काढण्याला मल्हारीनं शब्द ठेवला होता तो थेट घरातला: बाजारला काढणं. त्याचे वडील, आबा, गंगापूरच्या बाजूला मेंढरं राखायचे. वर्षाला एकदा कळपातली भाकड, थकलेली मेंढरं निवडून बाजूला करायचे आणि म्हणायचे, "एवढी औंदा बाजारला काढायची." अभयला हा शब्द इतका आवडला की ऑफिसातल्या जुन्या प्रिंटरलाही तो आता बाजारलाच काढतो.

आबा गेले, गुडघे बोलायला लागले, तेव्हा कस्तुराबाईनं कळप दिराच्या हवाली केला आणि ती लेकाकडं शहरात, गारखेड्याला आली. दुसऱ्या मजल्यावरचं घर. पहाटे उठायची सवय, पण उठून हाकायचं काय? सून अक्षदा मायाळू, सासूला काडी उचलू द्यायची नाही, आणि तिथंच चुकत होतं. कस्तुराबाई गॅलरीत बसून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर चरणाऱ्या परक्या शेळ्या बघायची आणि एखादी रस्त्याकडं निघाली की वरूनच "हुर्र" करायची. शेळी ऐकायची नाही. "माजा काय उपेग हाय आता हितं," असं ती अधूनमधून म्हणायची, आणि "असं काय बोलतीस माय," म्हणून मल्हारी कामाला निघून जायचा. त्याला पुढं काय म्हणावं हे खरंच सुचत नसे.

न सुचणारं तो पानावर काढायचा. त्यानं आईचं पान केलं. हातात काठी, बाजूला मोत्या कुत्रा, मागं उतरणीचं रान, वर ठसठशीत नाव: कस्तुराबाई. पहिल्या खेपेला लेकाच्या मायेनं तिला इतकी बळकट केली, की ज्याच्या हाती ती येई त्याच्यापुढं टँकरसुद्धा उभा राहीना. मंडळींनी आरडाओरड केली. मग त्यानं तिची ताकद उतरवली. नवी ताकद अशी, की हरवलेलं कुठलंही पान ती शोधून परत आणते, फक्त तिला वेळ लागतो. आणि तो वेळ इतका लागायचा, की पान परत येईपर्यंत खेळ संपलेला असायचा. मग तिला कुणी घेईना. दर रविवारी कस्तुराबाई सगळ्यांच्या हातांतून फिरून शेवटाला उरायची. खरी कस्तुराबाई तेव्हा आत स्वयंपाकघरात बसलेली असायची, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मल्हारी मात्र दर वेळी ते पान हळूच उचलून डब्यात ठेवायचा.

अशातच अभयनं नवं पान सुचवलं, मुकुंदवाडी स्टेशन. छोटं स्टेशन, मोठ्या गाड्या न थांबता निघून जातात, पण जी थांबते ती दोन पानं उतरवून जाते. पान झकास होतं. आत घ्यायचंच होतं. बाहेर कोण, हा प्रश्न होता.

शनिवारी सकाळी कामावर निघण्याआधी मल्हारी गॅलरीत उभा राहून फोनवर बोलत होता. हातात चहा, म्हणून फोन स्पीकरवर.

"अबे, इतना क्या सोचना?" अभय म्हणाला. "कस्तुराबाईला काढ ना बाजारला. कोणीच घेत नाय तिला."

"कळतंय रे," मल्हारी म्हणाला. "जिवावर येतंय. पण जागा अडतीय तिची, हे खरंय."

"मग? उद्या सगळे येतेत, त्याच्या आत करून टाक."

"करतो. आजच काढतो."

त्यानं चहा संपवला, कप मोरीत ठेवला आणि गाडीला किक मारली. गॅलरीच्या दाराआड आई गहू निवडत बसली होती, हे त्याला दिसलंही नाही.

दुपारी अक्षदाचा फोन आला. "अहो, लवकर या. आईंनी गठुडं बांधलंय. जेवल्या नाहीत. गंगापूरची जीप कुठून भेटती, एवढंच विचारतात."

मल्हारी आला तेव्हा कस्तुराबाई नवं लुगडं नेसून पलंगाच्या कडेला बसली होती. मांडीवर काठी, पायाशी चादरीचं गठुडं, गाठी अशा आवळलेल्या की दातांशिवाय सुटू नयेत. चेहऱ्यावर राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"माय, काय झालं? अक्षदा काही बोलली का?"

"तिला कामून मधी घेतो? लेकीवानी हाय ती." कस्तुराबाईनं खाली बघितलं. "मला करमत नाय. जाते."

"अशी एकाएकी?"

"मल्हारी, मेंढरू म्हातारं झालं की त्याला बाजार कळतो रं बाबा. दावं लावून वढायची गरज नसती. माजी मी जाते."

मल्हारीला काही उमगेना. तो तिच्यापुढं उकिडवा बसला. तेव्हा ती भिंतीकडं बघत, एकेक शब्द वेचून काढल्यागत म्हणाली, "म्या आईकलं सकाळी. कुणी घेत नाय म्हने तिला. जागा अडती म्हने. उद्या लोक यायच्या आत काढायची म्हने."

मल्हारीला आधी हसू फुटलं. अगदी मोठ्यानं. आणि आईच्या डोळ्यांत बघताच ते थांबलं. ही बाई सकाळपासून हे मनात धरून बसली होती. गहू निवडून पूर्ण केले होते, गव्हाचा डबा भरून ठेवला होता, मग गठुडं बांधलं होतं. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"माय, अगं पान. पानाचं बोलत होतो मी."

"कसलं पान?"

त्यानं बिस्किटांचा डबा आणला आणि सगळा पलंगावर उपडा केला. टँकर, जीप, नळ, ड्रॅगन सगळे पसरले. त्यातून तिचं पान शोधून त्यानं तिच्या हातात दिलं. कस्तुराबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पान डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं.

"ह्ये मी?"

"तूच."

"लुगडं हिरवं कामून केलं? माजं लाल व्हतं." मग बोटानं कुत्र्याला चाचपत म्हणाली, "मोत्याचा ह्यो कान पडका व्हता. ताठ काढलास."

"चुकलं," मल्हारी म्हणाला.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. खेळ कसा, पानं फिरतात कशी, गर्दी झाली तर काय बिघडतं. तिच्या पानाला कुणी घेत नाही हेसुद्धा सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. कस्तुराबाई लक्ष देऊन ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहराच बदलला. जन्मभर कळप राखलेल्या बाईला यातलं न कळण्यासारखं काही नव्हतं.

"मंग बरुबर हाय," ती म्हणाली. "काढ की. कळप वाढीव झाला तर समदीच उपाशी मरत्यात. तुज्या आबांनी कदी मया केली का निवडताना?"

"मला नाही जमत, माय."

"जमवावं लागतं."

ती इतक्या सहज म्हणाली, की मल्हारीला आणखीच गलबलून आलं. स्वतःचंच पान बाजूला सारून ती दुसरी पानं बघायला लागली होती. शेअर जीप बघून हसली. टँकर बघून म्हणाली, "ह्याला नगं काढू." आणि तेवढ्यात मल्हारीला लहानपणची एक मेंढी आठवली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, दात गेलेली, कळपात सगळ्यांत मागं चालणारी.

"माय, ती चांदी? तिला आबांनी बाजारला का नाही काढलं कधी?"

"आरं, ती देवाची व्हती. सोडलेली."

"म्हणजे?"

"देवाच्या नावानं एक मेंढी सोडायची असती कळपात. ती इकायची नाय, कापायची नाय. दूध देवो ना देवो. मरंपत्तुर कळपात ऱ्हायाची."

"आणि मोजणीत?"

"मोजायची नाय तिला." कस्तुराबाई हसली. "सांजच्याला मेंढरं जाळीच्या वाड्यात घेताना आबा एकेकाच्या पाठीवर हात ठिवून मोजायचे. चांदी आली की नुस्ता हात ठिवायचे. आकडा म्हनायचे नाय."

 मल्हारी उठून लॅपटॉप घेऊन आला. आईला शेजारी बसवून त्यानं लुगडं लाल केलं आणि मोत्याचा कान पाडला. ताकदीचा आकडा पुसला. वेळ लागतो, हरवलेलं परत आणते, तेही पुसलं. खालची चौकट कोरी राहिली. कस्तुराबाईनं तोवर अक्षदाकडून भाकरी मागून घेतली. गठुडं मात्र तसंच पायाशी होतं, आणि त्याबद्दल विचारायचं मल्हारीला धाडस झालं नाही.

रविवारी सकाळी दुकानातून पान छापून तो घरी परतला, तर मंडळी आधीच जमली होती. फरशीवर पानं घसरतात अशी त्यांची नेहमीची तक्रार होती. आज खाली चादर अंथरलेली होती. मल्हारीनं ती ओळखली. चारी टोकांना गाठींच्या चुण्या अजून मोडलेल्या नव्हत्या.

त्यानं मुकुंदवाडी स्टेशन डब्यात टाकलं. अभयनं पानं मोजली. "स्टेशन धरून तीनशे एकसष्ट पाहिजे होती ना? साठच आहेत. मग काढलं कोणतं, कस्तुराबाईचंच ना?"

"आईचं," मल्हारी म्हणाला, आणि खिशातून नवं पान काढून त्यानं चादरीच्या मधोमध उघडं ठेवलं. "हे वाटायचं नाही. मोजायचं नाही. काढायचंही नाही."

औषधाच्या दुकानात काम करणारी अमृता या गटातली सगळ्यांत कडक खेळाडू. तिनं वाकून पान बघितलं. "हिची ताकद लिहायची राहिली. ही करते काय?"

मल्हारी सांगायला तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघराच्या दारातून कस्तुराबाई म्हणाली, "काय नाय करत, बाय. ती ऱ्हाती."

 मल्हारीनं आईकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, चादरीचं एक दुमडलेलं टोक काठीनं सरळ करत होती.

"बघत काय बसलाव?" ती म्हणाली. "वाटा की आता."